जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांना हत्यार लावून घडवलेली कला

मिश्रधातू

जुन्या व्हिडिओ गेमविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बहुतेक स्मरणरंजन असते. सुट्टीत दिवसाच्या भाड्याने आणलेले यंत्र, टीव्हीच्या मागे खोचलेली वायर आणि ‘काँट्रा’मध्ये ३० जीव मिळवून देणारा बटणांचा क्रम, हे सगळे अनेकदा लिहून झाले आहे. या धाग्यात त्या आठवणी बाजूला ठेवून, त्या यंत्रांना हत्यार लावून लोकांनी काय काय घडवले आणि आपल्या माळ्यावर पडलेल्या यंत्रातून आपल्याला काय घडवता येईल, यावर बोलावे अशी विनंती आहे.

या प्रकारातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण, माझ्या मते, कोरी आर्केंजल या अमेरिकी कलाकाराची ‘सुपर मारिओ क्लाउड्स’ ही २००२ सालची कलाकृती आहे. पडद्यावर फक्त निळे आकाश आणि त्यातून संथपणे सरकणारे ढग दिसतात. मारिओ नाही, विटा नाहीत, पाइप नाहीत, गुणांचे आकडे नाहीत आणि संगीतही नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या संग्रहात आज ही कलाकृती आहे. पाहणाऱ्याला ती गंमत वाटते, परंतु ती कशी केली हे कळल्यावर तिच्यातली खरी बुद्धी लक्षात येते.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या कार्ट्रिजमध्ये दोन वेगळ्या चिप असतात. एकीत ३२ किलोबाइटचा प्रोग्रॅम असतो आणि दुसरीत ८ किलोबाइटची चित्रे. म्हणजे संपूर्ण खेळ अवघा ४० किलोबाइटचा आहे. मोबाइलवर काढलेल्या एखाद्या २ मेगाबाइटच्या छायाचित्रात तो पन्नास वेळा मावेल. चित्रांच्या चिपमध्ये अखंड ढग किंवा अखंड झाड नसते, तर ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे असतात आणि ते कोठे व कोणत्या रंगात मांडायचे हे प्रोग्रॅम ठरवतो. ढग आणि झुडूप यांचे तुकडे एकच आहेत, फक्त रंगसंच बदलतो, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आर्केंजल यांनी प्रोग्रॅमची चिप काढली, स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम एका ईप्रॉमवर, म्हणजे प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्या चिपवर, उतरवून ती तिच्या जागी बसवली आणि चित्रांच्या चिपला हातही लावला नाही. त्यामुळे पडद्यावर दिसणारे ढग ही ढगांची नक्कल नव्हे. कारखान्यातून त्या कार्ट्रिजमध्ये जे सोल्डर होऊन आले तेच ते ढग आहेत. प्रोग्रॅमचा मजकूर आणि कृती त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली होती.

या कलाकृतीचे वर्णन नेहमी ‘ढग सोडून बाकी सगळे पुसले’ असे केले जाते, ते मला पटत नाही. पुसलेले काहीच नाही. जुना प्रोग्रॅम बाजूला ठेवून नवा लिहिला गेला, आणि चित्रांच्या चिपमध्ये मारिओ, कासव, विटा सगळे अजून बसलेले आहेत, त्यांना फक्त कोणी हाक मारत नाही. कलाकृती म्हणून मला हे पुसण्यापेक्षा अधिक रोचक वाटते.

आता आपल्याकडच्या यंत्रांविषयी. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी आपल्याकडे जी यंत्रे विकली गेली, ती निन्टेंडोच्या १९८३ च्या जपानी ‘फॅमिकॉम’ यंत्राचे क्लोन, म्हणजे नकला, होती. त्यांची कार्ट्रिज ६० पिनांची असतात, तर एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीची, ७२ पिनांची. एनईएसमध्ये परक्या कार्ट्रिजला अडवणारी एक कुलूप-चिप असते आणि अनेक जण यंत्र उघडून तिची चौथी पिन तोडतात. आपल्या क्लोनमध्ये ते कुलूपच नाही, त्यामुळे स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम थेट चालतो. अडचण कार्ट्रिजची आहे. ‘९९९९९ इन १’ असे लिहिलेल्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये सुटी चिप नसतेच, काळ्या राळेचा एक ठिपका असतो आणि त्याखालचे काहीच बदलता येत नाही. त्यामुळे दोन सुट्या चिपांची साधी सर्किटची पाटी मिळवावी लागते किंवा पुन्हा पुन्हा लिहिता येईल असे कार्ट्रिज घ्यावे लागते.

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने यंत्र मिळाले तर घेण्याआधी शक्य असल्यास उघडून पाहावे. आत ४० पिनांच्या दोन लांब चिप दिसल्या, तर ते जुन्या घडणीचे यंत्र आहे आणि प्रयोगांसाठी सोन्यासारखे आहे. नुसता काळा ठिपका दिसला, तर यंत्राचा मेंदू (प्रोसेसर) आणि चित्रे आखणारी चिप दोन्ही एकाच तुकड्यात कोंबलेले आहेत असे समजावे. खेळायला तेही चालते, परंतु तारा जोडण्यासाठी जागा फारच थोडी उरते.

आपापले प्रयोग, पाहिलेली कामे आणि शंका येथे लिहाव्यात.

कळफलक

लेख आवडला, परंतु एक मूलभूत शंका आहे. आज कोणत्याही लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालतो. ढगांचा प्रोग्रॅम मी त्यावर चालवला आणि प्रोजेक्टरने भिंतीवर टाकला, तर पाहणाऱ्याला काय फरक पडणार आहे? पंचवीस-तीस वर्षे जुने यंत्र उघडा, सोल्डर वितळवा, जुना टीव्ही शोधत फिरा, हा सगळा खटाटोप कलेसाठी आहे की कारागिरीच्या अभिमानासाठी, हे मला नीटसे कळलेले नाही. अभिमानासाठी असेल तर त्यातही काही गैर नाही, परंतु मग तसे म्हणावे.

उंबरठा

कळफलक यांचा प्रश्न रास्त आहे. त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देण्यापेक्षा मी आकड्यांनी देतो.

अमेरिका आणि जपानमधला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असे, तर आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीत ते ५० वेळा बदलते. ‘सुपर मारिओ’सारख्या खेळांत हालचाल आणि संगीत दोन्ही चित्र बदलण्याच्या गतीला बांधलेले असतात. त्यामुळे जपानमध्ये ६० सेकंदांत संपणारी धून आपल्या पाल क्लोनवर ७२ सेकंद चाले. आता गंमत पाहा. युरोपात विकल्या गेलेल्या अधिकृत पाल यंत्राची घड्याळगती १.६६ मेगाहर्ट्झ होती, म्हणून तेथे धून संथ तर होईच, शिवाय तिचे स्वरही अर्ध्या स्वराहून अधिक खाली उतरत. क्लोन बनवणाऱ्यांनी मात्र पाल चित्रासाठी वेगळी युक्ती वापरली आणि घड्याळगती १.७७ मेगाहर्ट्झ ठेवली, जी मूळच्या १.७९ च्या अगदी जवळ आहे. परिणाम असा की अशा क्लोनवर स्वर जवळजवळ मूळचेच राहिले आणि लय तेवढी संथ झाली.

याहून बारीक गोष्ट नादाची आहे. या यंत्राचे दोन मुख्य आवाज चौकोनी लहरींचे असतात आणि त्या लहरीची रुंदी बदलून नादाची जात बदलता येते. अनेक क्लोन चिपांमध्ये २५ टक्के आणि ५० टक्के या दोन रुंदींची अदलाबदल झालेली आहे. म्हणजे संगीतकाराने जेथे पातळ, नाकातला नाद मागितला तेथे क्लोन पोकळ, गोल नाद देतो आणि जेथे गोल मागितला तेथे पातळ. हा कारखान्यातला दोष होता, परंतु नव्वदच्या दशकात ज्या मुलांनी ती यंत्रे वापरली त्यांच्या कानात तोच नाद बसला आहे.

आता एम्युलेटर जेव्हा मारिओची धून ६० च्या गतीने, योग्य रुंदीच्या लहरींनी वाजवतो, तेव्हा तो ओसाका किंवा शिकागो येथील खोलीचा आवाज देत असतो, औरंगाबाद किंवा म्हापसा येथील नव्हे. म्हणून माझे म्हणणे असे आहे की क्लोनला खोटी फॅमिकॉम समजून तिच्यातून मूळ यंत्राचे काम करून घेण्याची धडपड करू नये. ते स्वतःच्या खोडी असलेले स्वतंत्र वाद्य आहे, आणि आपल्याकडे जे काम व्हावे ते त्या खोडींवरच व्हावे.

कळफलक

हे मला खरोखर ठाऊक नव्हते. मात्र यातली लय आणि लहरींची रुंदी या दोन्ही गोष्टी एम्युलेटरमध्ये सेटिंग बदलून आणता येतील, नाही का?

उंबरठा

बऱ्याच अंशी येतात. ‘मेसेन’ आणि ‘एफसीईयूएक्स’ या दोन्ही एम्युलेटरमध्ये ‘डेन्डी’ नावाचा पर्याय आहे. डेन्डी हा रशियात गाजलेला क्लोन, आणि त्याची घडण आपल्या पाल क्लोनच्या जातीची आहे. प्रोग्रॅम लिहिताना मीही आधी त्यावरच तपासतो. परंतु दोन तारा एकमेकींना लावून चित्र फुटताना पाहायचे असेल, तर तारा असाव्या लागतात.

ध्वनिलहर

नादाचा विषय निघालाच आहे, तर गेम बॉयविषयी लिहिणे भाग आहे, कारण या क्षेत्रात संगीताइतके सातत्याने आणि गांभीर्याने दुसरे कोणतेही काम झालेले नाही.

गेम बॉय १९८९ साली आला. १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा, चार छटा, चार सेल आणि चार आवाज: दोन चौकोनी लहरींचे, एक हवी ती लहर आखता येणारा आणि एक खरखरीचा. ‘नॅनोलूप’ हे ऑलिव्हर विट्शो यांचे कार्ट्रिज १९९८ च्या सुमाराचे, तर योहान कोटलिन्स्की यांचे ‘लिटल साउंड डीजे’ त्यानंतर थोड्याच काळात आले. या दोन प्रोग्रॅमनी या खेळण्याचे मंचावर वाजवण्याचे वाद्य केले. लिटल साउंड डीजेमध्ये स्वर वरून खाली वाहणाऱ्या रकान्यांत भरायचे असतात आणि सगळे आठ बटणांवर चालते. पहिले काही दिवस ते अतिशय क्लिष्ट वाटते, आणि नंतर बोटे आपोआप फिरू लागतात. तबल्याचा कायदा बसवताना जसे हाताला आधी आणि डोक्याला नंतर कळते, तसेच काहीसे येथे होते.

हार्डवेअरमधला सर्वांत प्रचलित बदल म्हणजे आवाज थेट बाहेर काढणे. गेम बॉयच्या हेडफोनच्या भोकातून जो आवाज येतो, तो आतल्या छोट्या वर्धकातून गेलेला असतो आणि तेथेच त्यात सरसर मिसळते व खर्ज पातळ होतो. म्हणून आवाज कमी-जास्त करण्याच्या चाकाच्या अलीकडून, म्हणजे वर्धकात शिरण्याआधी, डाव्या-उजव्या बाजूच्या दोन तारा आणि एक जमिनीची (ग्राउंडची) तार काढून वेगळा सॉकेट बसवतात. तीन तारांचे काम आहे, परंतु जाड खर्ज ऐकल्यावर ते त्याच यंत्रातून येत आहे यावर विश्वास बसत नाही. याच कारणासाठी वाजवणारे लोक नंतरच्या रंगीत गेम बॉयपेक्षा पहिला करडा, जाडजूड गेम बॉय पसंत करतात.

दुसरा बदल पडद्याचा. मूळ पडद्यामागे प्रकाश नाही, त्यामुळे अंधाऱ्या मंचावर काही दिसत नाही. पडद्याच्या मागचा परावर्तक थर अत्यंत हलक्या हाताने सोलून काढायचा आणि त्या जागी प्रकाशपट्टी सरकवायची. सोलताना काच तडकते, हे गृहीत धरूनच कामाला बसावे. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी आता तयार एलसीडीचे संच मिळतात, पण त्यात मूळ पडद्याची हिरवट छटा आणि हालचालीमागे राहणारी सावली दोन्ही जातात.

गेम बॉय कॅमेऱ्याची छायाचित्रे १२८ बाय ११२ पिक्सेलची आणि चार छटांची असतात. नेदरलँड्समधील लायडनच्या जुन्या वेधशाळेतील दुर्बिणीला असा कॅमेरा जोडून एका खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याने चंद्र आणि गुरू यांची छायाचित्रे काढली होती. गुरूचे उपग्रह त्यात ठिपक्यांसारखे दिसतात. काही लोक असे कॅमेरे लग्नसमारंभात नेतात, त्यापेक्षा मला हा उपयोग अधिक पटतो.

दोसुती

मी सोल्डरिंग करत नाही, भरतकाम करते, तरी या धाग्यात लिहिण्याचे धाडस करत आहे. माझ्या भाच्याने मला जुन्या खेळांतील आकृत्या मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने भरायला सांगितल्या आणि तेव्हापासून मी अनेक भरल्या. या यंत्राचे नियम भरतकामाला फार सोयीचे आहेत. हलणाऱ्या आकृतीला एका रंगसंचात तीनच रंग मिळतात, चौथा पारदर्शक. पार्श्वभूमीला एका १६ बाय १६ च्या चौकोनात एकच रंगसंच चालतो. त्यामुळे दोऱ्याच्या लडी मोजक्या लागतात आणि कोणता रंग कोठे येणार हे आधीच ठरलेले असते.

इंचाला १४ घरे असलेल्या मॅटीवर १६ पिक्सेलची आकृती सुमारे २.९ सेंटिमीटरची होते. २५६ बाय २४० चा संपूर्ण पडदा भरायचा ठरवला, तर सुमारे १८ इंच रुंद आणि १७ इंच उंच कापड भरावे लागेल. आकाशाचा निळा भाग न भरता निळीच मॅटी घेतली तर ते माणसाच्या आवाक्यात येते.

माझा प्रश्न असा आहे की भरून झालेला मारिओ मला नेहमी जरा उंच आणि अरुंद वाटतो. घरे मोजून बरोबर असतात. टीव्हीवर तो असा नव्हता, असे मला आणि भाच्याला दोघांनाही वाटते. हा केवळ भास आहे का?

उंबरठा

दोसुतीताई, हा भास नाही, तुमची नजर पक्की आहे. मॅटीवरचे घर चौरस असते, परंतु टीव्हीवरचा पिक्सेल चौरस नव्हता. अमेरिकी आणि जपानी टीव्हीवर तो ८ ला ७ या प्रमाणात किंचित रुंद असे. आपल्या पाल टीव्हीवर ओळी अधिक असल्यामुळे २४० ओळींचे चित्र पूर्ण उंची भरत नसे, वर-खाली काळ्या पट्ट्या राहत आणि पिक्सेलची रुंदी उंचीच्या जवळजवळ १.३९ पट होई. म्हणजे आपला मारिओ चांगलाच बुटका आणि रुंद होता.

तुम्हाला आपल्याकडच्या टीव्हीवरचाच मारिओ भरायचा असेल, तर प्रत्येक पिक्सेलसाठी ४ आडवी आणि ३ उभी घरे धरा, गुणोत्तर १.३३ येते, नजरेला पुरेसे आहे. ७ आडवी आणि ५ उभी धरली तर १.४ येते, परंतु मग काम फारच वाढते. हा बुटका मारिओ कोणी भरलेला मी तरी पाहिलेला नाही, आणि आपल्याकडच्या भरतकामाला तोच शोभेल.

टापटीप

चर्चा उत्तम चालली आहे. मी व्यवसायाने दुरुस्तीचे काम करतो, म्हणून थोडे सावधगिरीचे आणि थोडे बिघडवण्याचे सांगतो.

आधी बिघडवण्याचे. अमेरिकेत सिनसिनाटी येथील रीड गझाला यांनी १९६० च्या दशकात खेळण्यांच्या पाटीवरील नको त्या दोन जागा तारेने जोडून आवाज काढायला सुरुवात केली आणि पुढे या प्रकाराला ‘सर्किट बेंडिंग’ असे नाव दिले. फॅमिकॉम जातीच्या यंत्रावर हे करायला एक विशेष सोय आहे. मिश्रधातू यांनी सांगितलेल्या कार्ट्रिजमधल्या दोन चिपांपर्यंत जाणारे मार्गही वेगळे आहेत: प्रोग्रॅमचा मार्ग मेंदूकडे जातो आणि चित्रांचा मार्ग चित्रे आखणाऱ्या चिपकडे. म्हणून चित्रांच्या मार्गातील तारा एकमेकींना लावल्या तर खेळ पूर्ववत चालू राहतो, उड्या बसतात, संगीत वाजते, आणि पडद्यावर मात्र विटांच्या जागी अक्षरांचे तुकडे आणि ढगांच्या जागी कासवाचे कवच दिसू लागते. तारा थेट जोडू नयेत, मध्ये बटण आणि एखाद्या किलोओमचा रेझिस्टर ठेवावा, म्हणजे चिपवर ताण येत नाही.

यात एक मजेदार अपवाद आहे आणि तो नेमका ‘सुपर मारिओ’चाच आहे. त्या खेळात वरची गुणांची पट्टी स्थिर राहते आणि खालचे दृश्य सरकते. हे साधण्यासाठी प्रोग्रॅम दर चित्राला थांबून, पट्टीतल्या छोट्या नाण्यामागे दडवलेली एक आकृती आखली गेली का, याची वाट पाहतो. तुम्ही तारा अशा लावल्या की त्या आकृतीचा तुकडाच रिकामा झाला, तर प्रोग्रॅम वाट पाहत बसतो आणि खेळ गोठतो. शिवाय सुरुवातीच्या शीर्षकाची मांडणीही चित्रांच्याच चिपमध्ये ठेवलेली असल्यामुळे तीसुद्धा विस्कटते. बेंडिंगची सुरुवात करायची असेल, तर वरची पट्टी नसलेला, एकाच पडद्यावर चालणारा खेळ घ्यावा.

आता सावधगिरी. यंत्राला वीज देण्यापूर्वी अॅडॉप्टरच्या टोकाची पोलॅरिटी मल्टिमीटरने तपासावी. मूळ फॅमिकॉममध्ये मधली पिन ऋण असते, क्लोनमध्ये काहीही असू शकते. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एव्हाना सुकलेले असतात, चित्रात आडव्या लाटा दिसल्या तर प्रथम ते बदलावेत. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी पांढरे करण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. ती चालते, पण थर असमान लागला तर डाग कायमचे उमटतात, आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ते करू नये.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र कोणीही हौसेखातर उघडू नये. ट्यूबच्या अॅनोडवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो तेथे राहू शकतो. कार्ट्रिज आणि खेळाचे यंत्र यांच्यात पाच व्होल्ट असतात. कलेसाठी तेवढे पुरेसे आहेत.

खटका

‘डक हंट’ या बदके टिपण्याच्या खेळाची बंदूक माझ्याकडे आहे, परंतु एलईडी टीव्हीवर एकही बदक पडत नाही. बंदूक बिघडली असेल का? आणि तिचा कलेसाठी काही उपयोग होईल का?

टापटीप

बंदूक बहुधा ठीक आहे. ती काहीही सोडत नाही, फक्त पाहते. चाप ओढला की खेळ एका चित्रापुरता पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतल्या फोटोडायोडला अंधार आणि त्यानंतर उजेड अशी जोडी दिसली, तर नेम लागला. पिक्चर ट्यूबवर हा उजेड क्षणात येतो. आजच्या टीव्हीवर चित्र प्रक्रिया होऊन काही क्षण उशिरा उमटते, तोवर खेळाने निकाल लावलेला असतो. मूळ बंदुकीतला परिपथ तर ट्यूबच्या वेगवान लुकलुकीलाच प्रतिसाद देईल असा जुळवलेला असतो, त्यामुळे दिव्याच्या स्थिर उजेडाने तो फसतही नाही.

उपयोग म्हणाल तर रिकाम्या बंदुकीच्या कवचात फोटोट्रान्झिस्टर आणि सेलवर चालणारा छोटा ऑडिओ वर्धक बसवा. ट्यूबच्या टीव्हीवर रोखली की पडद्याची ५० हर्ट्झची गुरगुर ऐकू येते, आणि चित्रातील उजळ भागावरून गडद भागाकडे नेली की तिचा जोर बदलतो. टीव्ही उघडावा लागत नाही, भाग स्वस्तात मिळतात आणि एका सायंकाळी होण्यासारखे आहे.

निशिगंध_बर्लिन

मी बर्लिनमध्ये राहते, त्यामुळे येथील दोन गोष्टी सांगते.

अलेक्झांडरप्लाट्झवर ‘हाउस देस लेहरर्स’ नावाची उंच इमारत आहे. २००१ च्या सप्टेंबरात केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संस्थेने आपल्या २० व्या वाढदिवसानिमित्त तिच्या वरच्या आठ मजल्यांवरील प्रत्येकी १८, म्हणजे १४४ खिडक्यांमागे एकेक दिवा ठेवला आणि संपूर्ण इमारतीचा १८ बाय ८ पिक्सेलचा पडदा केला. काम फेब्रुवारी २००२ पर्यंत चालू होते. चौकात उभे राहून मोबाइलवरून एक क्रमांक लावायचा आणि बटणे दाबून इमारतीवर पाँग हा चेंडू परतवण्याचा जुना खेळ खेळायचे. लोक स्वतःची छोटी चलच्चित्रेही पाठवत, आणि ठरलेल्या क्रमांकाला फोन केला की आपले चित्र इमारतीवर लागे. पुढे २००२ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मनोऱ्यावर याच मंडळींनी २० बाय २६ खिडक्यांचा पडदा केला. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये ग्रीन बिल्डिंगच्या १५३ खिडक्यांवर टेट्रिस चालवला, आणि ब्राउन विद्यापीठात त्याआधी, २००० मध्येच, ग्रंथालयाच्या इमारतीवर तो चालला होता. मला बर्लिनचे काम या सर्वांत सरस वाटते, कारण तेथे विद्यार्थी नव्हे तर रस्त्यावरचा कोणीही खेळू शकत होता. त्याच इमारतीभोवती वाल्टर वोमाका यांचे १९६४ चे भव्य मोझेक आहे, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी चित्र करण्याचा प्रघात तेथे आधीपासूनच होता.

दुसरी गोष्ट ‘पेनस्टेशन’ची. कोलोनच्या दोन कलाकारांनी २००१ मध्ये केलेले हे पाँगचे मेज येथील संगणक-खेळ संग्रहालयात आहे. समोरासमोर उभे राहून डावा हात एका पट्टीवर ठेवायचा. चेंडू चुकला की त्या हाताला चटका, विजेचा झटका किंवा छोट्या चाबकाचा फटका बसतो. हात उचलला की हरलात. मला हे काम फारसे आवडत नाही, कारण एकदा चटका बसल्यावर त्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. तरीही त्याच्यासमोर नेहमी रांग असते, हे नमूद करते.

खटका

दिव्यांचा विषय निघाला म्हणून विचारतो. येत्या दिवाळीत आकाशकंदिलात १६ बाय १६ चे एलईडी जाळे बसवून ‘स्पेस इनव्हेडर्स’ची आकृती हलती ठेवण्याचा विचार आहे. मोबाइलच्या चार्जरवर चालेल का?

मिश्रधातू

पूर्ण प्रकाशात चालणार नाही. या रंगीत एलईडीपैकी प्रत्येक पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. २५६ एलईडी म्हणजे पाच व्होल्टला १५ अँपिअरहून अधिक, म्हणजे जवळजवळ ७७ वॅट. परंतु तुम्हाला पांढरा पडदा दाखवायचा नाही. खेकड्यासारखी प्रसिद्ध आकृती ११ बाय ८ ची आहे, तिच्यात पेटलेले ठिपके पन्नासही नाहीत, आणि कंदिलाच्या कागदामागे आठवा हिस्सा प्रकाशही भरपूर होतो. प्रोग्रॅममध्ये प्रकाशाची कमाल मर्यादा घाला आणि तरीही पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा चांगला पुरवठा घ्या. जाळ्याच्या दोन्ही टोकांना वीज द्या, नाहीतर दूरच्या टोकाचा पांढरा रंग लालसर दिसतो.

हालचालीविषयी एक सुचवतो. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ च्या मूळ खेळात ५५ आक्रमक एकदम सरकत नाहीत. यंत्राची ताकद तोकडी असल्यामुळे दर चित्राला एकच आक्रमक सरकवला जातो, त्यामुळे पूर्ण फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागतो. जसजसे ते मरतात तसतसे उरलेल्यांचे पाऊल लवकर लवकर पडते, आणि शेवटचा एकटा सुसाट धावतो. खेळाचा प्रसिद्ध थरार हा यंत्राच्या संथपणातून आपसूक आलेला आहे. १६ बाय १६ मध्ये मूळ आकृत्या दोनच मावतील, पण प्रत्येक आक्रमक दोन ठिपक्यांचा केलात तर छोटी फौज मावते आणि ती अशी लाटेसारखी सरकवता येते. रंगासाठी मूळ यंत्रात पडदा कृष्णधवल ठेवून काचेवर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या असत. तुमच्याकडे कंदिलाचा रंगीत जिलेटिन कागद आहेच, तेव्हा एलईडी पांढरे ठेवून रंग कागदालाच देऊ द्या.

कळफलक

माझ्या सुरुवातीच्या शंकेच्या विरुद्ध बाजूचे एक काम मला सापडले. टॉम मर्फी यांनी २०१८ मध्ये एनईएसच्या कार्ट्रिजमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला आणि चित्रांच्या मार्गावरून यंत्राला हवी ती चित्रे पुरवली, अगदी पुढच्या पिढीच्या सुपर एनईएसचा खेळसुद्धा. म्हणजे एम्युलेटर कार्ट्रिजमध्ये आहे आणि खरे यंत्र केवळ पडदा झाले आहे. टापटीप यांनी सांगितलेल्या दोन वेगळ्या मार्गांमुळेच हे शक्य झाले, हे आता समजते. याला हार्डवेअर म्हणायचे की एम्युलेटर, हे मला ठरवता आलेले नाही.

ढगांचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहून तो पाल क्लोनवर चालवण्याचे मी मनावर घेतले आहे. लेखनासाठी ‘सीसी६५’ हे अशा यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन घेतले आहे. ढग सरकवण्याचा वेग आपल्या ५० च्या गतीसाठी वाढवावा का?

उंबरठा

वाढवू नका. दर चित्राला एक पिक्सेल ठेवलात तर २५६ पिक्सेलचा पडदा अमेरिकी यंत्रावर सुमारे ४.३ सेकंदांत ओलांडला जातो आणि आपल्या यंत्रावर ५.१ सेकंदांत. तो फरक तसाच राहू द्या. फक्त एक काळजी घ्या: सरकण्याचा आकडा पडदा आखून झाल्यानंतरच्या रिकाम्या वेळेतच लिहा. ही रिकामी वेळ सुरू झाल्याचा इशारा यंत्र प्रोग्रॅमला देते; डेन्डी जातीच्या यंत्रात तो चित्र आखून झाल्यावर बऱ्याच ओळी उलटल्यावर मिळतो, त्यामुळे इशाऱ्यानंतर तुम्हाला मिळणारा अवधी मूळ फॅमिकॉमइतकाच असतो. युरोपी पाल यंत्रासाठी लिहिलेला, जास्त अवधी गृहीत धरणारा नमुना कोठून उचललात, तर पडद्याच्या वरच्या भागात ढग तुटतील. मेसेनमध्ये प्रदेशाचा पर्याय डेन्डी ठेवून तपासा, आणि मगच प्रोग्रॅम ईप्रॉमवर उतरवा.